हृदयाची आणेवारी

सोळा आणे पीक कसे दिसते हे सोलापूर जिल्ह्यातील फार थोड्या पिढ्यांना डोळे भरून पाहावयास मिळाले असेल. चार आणे पीक कसे दिसते हे मात्र सांगोला, करमाळा, माढा, मंगळवेढा यांपैकी कोणत्याही तालुक्यातील कोणत्याही म्हाताऱ्याला विचारावे, तो सालासकट सांगेल. पर्जन्यछायेत सापडलेल्या या मुलखात रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या भरवशावर काळ्या रानात पेरली जाते, आणि ते पीक उभे असतानाच, खळ्यावर दाण्याचे माप पडण्याच्या कितीतरी आधी, त्याची किंमत आण्यांत ठरवण्याची जी सरकारी वहिवाट इंग्रजी अमलात रूढ झाली तिला आणेवारी म्हणत. गावच्या कुलकर्ण्याने, पुढे तलाठ्याने, शिवारातून फिरून नजरेने अंदाज बांधावा, सर्कलने तो तपासावा, मामलेदाराने त्यावर शेरा मारावा, आणि कलेक्टरांच्या दप्तरातून अखेर जो आकडा बाहेर पडेल त्यावर त्या गावाची सूट, तहकुबी आणि तगाई अवलंबून राहावी, असा तो शिरस्ता. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत आले तर सारा पूर्ण तहकूब आणि सहा आण्यांच्या आत आले तर निम्मा, अशी मर्यादा असे. तेव्हा साडेतीन आणे आणि साडेचार आणे यांतील अंतर कागदावर केवढेही क्षुल्लक दिसो, कुणब्याच्या दारात ते बैलजोडी राहण्याचे किंवा विकण्याचे अंतर होते.

प्रस्तुत लेख मात्र ज्वारीविषयी नाही, माणसाच्या हृदयाविषयी आहे. गेल्या दहा वर्षांत हृदयाच्या एमआरआय तपासणीत, आणि त्यातही हृदयाच्या स्नायूवर पडलेला वण पाहण्याच्या तपासणीत, संगणकाच्या डीप लर्निंग या विद्येने प्रवेश केला आहे. पूर्वी जेवढे मोजावे लागे त्याच्या काही अंशाइतकेच आता मोजावयाचे, बाकीचे यंत्राने पूर्वी पाहिलेल्या असंख्य प्रतिमांच्या अनुभवावरून भरून काढावयाचे, आणि अशा रीतीने अर्ध्या घटकेचे काम पळांत उरकावयाचे, असे तिचे थोडक्यात स्वरूप. ही विद्या बोस्टन, लंडन, न्यूयॉर्क अशा ठिकाणी वाढली हे खरे; परंतु थोडे मोजून पुष्कळ सांगण्याच्या उद्योगात कोणते खाचखळगे असतात, याचा दीडशेहून अधिक वर्षांचा अनुभव आमच्या महसुली दप्तरांत पडून आहे, आणि तो या नव्या विद्येच्या शेजारी ठेवून पाहिल्यावाचून तिची खरी परीक्षा होणार नाही, असे मला वाटते.

या अनुभवाचा आरंभ एका मोठ्या फजितीने झाला. पेशवाई बुडून दहा-एक वर्षे झाली असतील नसतील तोच पुणे प्रांतात रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण आणि बुद्धिमान अधिकाऱ्याने जमिनीच्या पाहणीचे काम हाती घेतले. अर्थशास्त्राच्या त्या काळच्या नव्या सिद्धांतांनी भारलेल्या या गृहस्थाने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न किती, मशागतीचा खर्च किती, निव्वळ शिल्लक किती, हे सारे तपशीलवार मोजून सारा बसवण्याचा घाट घातला. मोजणी इतकी सूक्ष्म ठरली की ती वरिष्ठांच्या हातून होणे अशक्य होते. ती हाताखालच्या कारकुनांवर सोपवली गेली, आणि त्यांनी रकाने भरले. आकडे भरपूर, हिशेब निर्दोष, आणि पायाच खोटा, असा तो प्रकार होऊन रयत जमिनी टाकून जाऊ लागली. पुढे १८३५ साली, सोलापूर जिल्ह्याला लागूनच असलेल्या इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी जी पद्धत बसवली ती याच्या अगदी उलट होती. उत्पन्न मोजण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी मातीचा रंग, पोत आणि खोली एवढेच पाहिले, त्यावरून जमिनीचे सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत वर्ग पाडले, चुनखड किंवा उतार असे दोष दिसतील तिथे वर्ग खाली उतरवला, आणि जे वरिष्ठ अधिकाऱ्याला स्वतः शेतात उभे राहून तपासता येईल तेवढेच मोजण्याचा नियम केला. मोजमाप घटले आणि विश्वासार्हता वाढली. ही पद्धत पुढे सोलापूरकडील तालुक्यांत आणि सबंध इलाख्यात पसरली, आणि तिच्यामुळे आणा हे जमिनीच्या गुणाचे परिमाण खेड्यापाड्यांत रुजले.

उभ्या पिकाच्या आणेवारीला मात्र असा सुखाचा पाया कधीच लाभला नाही. जमीन जागची हलत नाही, पीक दर हंगामाला निराळे. १८७६ साली पाऊस गेला आणि सोलापूर जिल्हा त्या महादुष्काळाच्या ऐन मध्यावर सापडला, तेव्हा कोणत्या गावात किती आणे पीक बुडाले या प्रश्नाला जीवन-मरणाचे महत्त्व आले. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींनी जो सत्याग्रह केला त्याचा मुद्दाही तत्त्वतः एवढाच होता की पीक चार आण्यांच्या आत आहे असे रयत म्हणत होती आणि वर आहे असे सरकारी दप्तर म्हणत होते. एकाच शिवाराकडे पाहून दोन पक्षांना दोन आकडे दिसावेत, यात लबाडीचा भाग असेलच. पण सर्वस्वी लबाडीच होती असे मी म्हणणार नाही. अनेक हंगाम पाहून मुरलेल्या माणसाची नजर नकळत सरासरीकडे झुकते. पीक उत्तम असेल तर ती थोडे कमी लिहिते, आणि बुडाले असेल तर, इतके कसे बुडेल, अशा समजुतीने थोडे जास्त. सामान्य सालात या झुकण्याने कोणाचे काही बिघडत नाही. ते बिघडते नेमके त्याच साली, नेमक्या त्याच गावात, जिथे आकड्याची खरी गरज असते.

या नजरेला शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत एक आपला माणूस होता, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० नंतरच्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी विनायक गोविंद पानसे यांच्यासमवेत पीक कापणी प्रयोगांची पद्धत उभी केली. गावे यदृच्छेने निवडावीत, त्या गावांतील शेते यदृच्छेने निवडावीत, शेतातला तुकडाही यदृच्छेनेच पाडावा, म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव राहत नाही. मग तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून, झोडून, तोलून घ्यावे. तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे यांचा प्रशांतचंद्र महालनवीस यांच्याशी जो वाद झाला तो अत्यंत उद्‌बोधक आहे. महालनवीस यांचा कल अगदी लहान तुकड्यांकडे होता, कारण ते झटपट कापून होतात. सुखात्मे यांनी प्रयोगाने दाखवले की तुकडा फार लहान केला की कडेवरची ताटे कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरते. कमी मोजल्याने आकडा केवळ डळमळीत होत नाही, तो एका बाजूला ठामपणे कलतो, हा त्यांचा शोध. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली, पन्नास पैशांच्या आतले गाव टंचाईग्रस्त ठरू लागले, तरी भांडणाचे स्वरूप तेच राहिले.

आता हृदयाकडे वळू.

हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरतो, आणि काही आठवड्यांत त्याच्या जागी चिवट तंतूंचा वण तयार होतो. हा वण आकुंचन पावत नाही, विजेच्या लहरीला सरळ वाट देत नाही, आणि त्याच्या कडेला मेलेले व जिवंत स्नायू एकमेकांत मिसळलेले असा जो अर्धवट पट्टा राहतो तिथून पुढे कधीतरी ठोक्यांची प्राणघातक गडबड उद्भवू शकते. सोलापुरात १९६३ साली डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय निघाले त्या काळी हा वण प्रत्यक्ष पाहावयाचा म्हणजे शवविच्छेदनाचे टेबलच गाठावे लागे. जिवंत माणसाच्या बाबतीत सारा अनुमानाचा कारभार. ईसीजीत त्याची खूण कधी उमटते, कधी उमटत नाही. प्रतिध्वनीच्या, म्हणजे इको, तपासणीत अमुक भिंत हलत नाही एवढे कळते, परंतु न हलणारी ती भिंत मेली आहे, की रक्ताच्या दीर्घ टंचाईने केवळ निपचित पडली आहे आणि वाहिनी मोकळी करताच पुन्हा हलू लागेल, हे कळत नाही. शस्त्रक्रिया करावी की करू नये हा निर्णय तर त्याच प्रश्नावर अडलेला असतो.

तो प्रश्न सुटला गॅडोलिनियम या धातूच्या संयुगामुळे. हे संयुग शिरेतून टोचले की पेशींच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेतच फिरते. निरोगी स्नायूत पेशी दाटीने बसलेल्या असल्याने ते तिथून लौकर धुऊन निघते. वणात पेशी गेलेल्या आणि मधली जागा ऐसपैस झालेली, म्हणून तिथे ते रेंगाळते. टोचल्यावर दहा ते वीस मिनिटांनी, निरोगी स्नायू काळाकुट्ट दिसेल असा क्षण साधून प्रतिमा घेतली, की वण पांढराशुभ्र चमकतो. शिकागोतील रेमंड किम, रॉबर्ट जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या पद्धतीने ५० रुग्णांची, वाहिन्या मोकळ्या करण्याच्या उपचाराआधी, पाहणी करून जो अहवाल प्रसिद्ध केला तो या विद्येतला मैलाचा दगड होय. हृदयाच्या भिंतीचे खंड पाडून प्रत्येक खंडात वण भिंतीच्या जाडीत किती खोल गेला आहे हे त्यांनी नोंदवले, आणि त्यासाठी पायऱ्या धरल्या त्या अशा: वण मुळीच नाही, पंचवीस टक्क्यांपर्यंत, पन्नासपर्यंत, पंचाहत्तरपर्यंत, आणि त्याहून अधिक. चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे! विंगेटसाहेबाला हे कोष्टक वाचावयास मिळते तर तो शिकागोच्या डॉक्टरांना इंदापूरचेच समजला असता. निष्पत्तीही तितकीच स्वच्छ होती. ज्या निस्तेज खंडांत वण नव्हता त्यांतील ७८ टक्के उपचारानंतर पुन्हा हलू लागले; ज्यांत वण बारा आण्यांच्या वर गेला होता अशा ५८ खंडांपैकी एकच सुधारला. तेव्हापासून आठ आण्यांची रेघ ही डॉक्टरांच्या विचारात साधारण तीच कामगिरी करते जी सहा आण्यांची रेघ कलेक्टर कचेरीत करीत असे, आणि रेघेच्या अलीकडचा-पलीकडचा फरक इथेही तितकाच निर्णायक असतो.

प्रश्न राहिला मोजणीचा, आणि तो समजण्यासाठी एमआरआय यंत्र मोजते काय हे पाहिले पाहिजे. सामान्य समजूत अशी की ते छायाचित्र काढते. वस्तुतः ते प्रतिमेतला एकही बिंदू थेट मोजत नाही. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंचे केंद्रक प्रबळ चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी छेडले की ते प्रतिसाद देतात, हा १९४६ सालचा शोध. आणि या शास्त्राच्या आरंभकाळात स्टॅनफर्डला अल्कोहोलमधील निरनिराळ्या जागच्या हायड्रोजनांचे प्रतिसाद वेगळे ओळखणाऱ्यांत जे एस. एस. धर्मट्टी होते, तेच पुढे होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. या प्रतिसादांवरून प्रतिमा घडवण्याची कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली, आणि आज सर्वत्र वापरली जाणारी फूरिये पद्धत १९७५ साली झूरिकला रिचर्ड अर्न्स्ट, डीटर वेल्टी आणि आपले अनिल कुमार या तिघांनी दिली. या पद्धतीत यंत्र प्रतिमेच्या लहरी मोजते: ठळक आकार सांगणाऱ्या संथ लहरी आणि बारीक कडा सांगणाऱ्या दाट लहरी. या लहरींच्या वहीला तज्ज्ञ के-स्पेस म्हणतात. तिची एकेक ओळ भरत जावयाचे, आणि सगळी वही भरली की फूरियेच्या गणिताने प्रतिमा उलगडावयाची.

फूरिये हा गृहस्थ गणिती म्हणून प्रसिद्ध असला तरी पोटापाण्याला होता आपल्याकडच्या कलेक्टरासारखाच. नेपोलियनने त्याला १८०२ साली ग्रेनोबल येथे जिल्ह्याचा प्रशासक नेमले होते. दलदली उपसून जमीन लागवडीला आणणे हे त्याच्या कारकिर्दीतले मोठे काम, आणि उष्णतेच्या वहनाचे, लहरींतून मांडलेले गणित त्याने कचेरीच्या कामातून वेळ काढून केले. त्याच वर्षांत जवळच्या लिऑन शहरी जकार्ड नावाचा विणकर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणारा माग सिद्ध करीत होता, ज्याच्या वंशावळीत एका शाखेला सोलापुरी चादर आणि दुसऱ्या शाखेला संगणक येतो. पुढे १८१५ च्या धामधुमीत फूरिये काही काळ लिऑनचाही प्रशासक झाला. सोलापूरच्या माणसाने या योगायोगाचा मनातल्या मनात थोडा अभिमान बाळगला तर त्यास कोणी नावे ठेवू नयेत.

वहीची ओळ भरावयास वेळ लागतो, आणि हृदय स्थिर नसते, ही खरी अडचण. दर ठोक्यात हृदय क्षणभर विसावते, तेवढ्या सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात काही ओळी भरून घ्यावयाच्या, पुन्हा पुढच्या ठोक्याची वाट पाहावयाची. आणि श्वासाबरोबर हृदय वरखाली सरकते म्हणून तोवर रुग्णाने श्वास रोखून धरावयाचा. दहा-पंधरा सेकंदांच्या एका रोखलेल्या श्वासात हृदयाचा एक आडवा छेद पदरात पडतो. असे दहा-बारा छेद लागतात. ज्याचे हृदय निकामी होत आले आहे अशा माणसाला ही शिक्षाच असते. सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागाच्या धुरळ्यात आयुष्य घालवलेला पद्मशाली विणकर, किंवा अक्कलकोटकडून आलेली, कन्नडखेरीज दुसरी भाषा न येणारी वृद्धा, यांना त्या अरुंद नळीत ‘श्वास घ्या, सोडा, रोखा’ हा हुकूम त्यांच्या भाषेत ऐकू आला तरी तो बाराव्या सेकंदापर्यंत पाळता येईल याची शाश्वती नाही. श्वास सुटला की प्रतिमा फरकाटते आणि छेद पुन्हा घ्यावा लागतो. शिवाय छेद सहा ते आठ मिलिमीटर जाडीचे, त्यामुळे वणाचे लहान बेट दोन जिवंत थरांत मिसळून करडे दिसते. सर्व दिशांनी दीड मिलिमीटरच्या बारकाव्याने सबंध हृदय मोजावयाचे म्हटले तर ओळींची संख्या अनेकपट वाढते, आणि तोवर गॅडोलिनियम धुऊन जात असते. काळा दिसावा म्हणून साधलेला निरोगी स्नायू हळूहळू करडा पडू लागतो. उभ्या पिकाप्रमाणे इथेही पाहणीला मुदत आहे, आणि ती रुग्णाच्या सोयीने थांबत नाही.

म्हणून सर्वच ओळी न भरता भागवता येईल काय, याचा शोध सुरू झाला. प्रथम शरीराभोवती अनेक ग्राहक बसवून त्यांच्या निरनिराळ्या साक्षींवरून गाळलेल्या ओळी काढण्याच्या रीती आल्या. १९९९ साली झूरिकच्या प्रुसमान यांनी दिलेली रीत त्यांतली प्रसिद्ध. नंतर २००६ च्या सुमारास कांदेस, ताओ, डोनोहो या गणितज्ञांनी दाखवले की प्रतिमेचे सार जर थोडक्यात मांडता येण्याजोगे असेल, तर थोड्याच मोजमापांवरून ती पुन्हा उभी करता येते. अट एवढीच की मोजमापे ठरावीक अंतराने न घेता यदृच्छेने विखुरलेली असावीत. सरळ एकाआड एक ओळ गाळली तर प्रतिमेवर तिचीच दुसरी प्रतिमा पडते आणि खरे-खोटे वेगळे काढता येत नाही. यदृच्छेने गाळली तर चूक धुरळ्यासारखी सर्वत्र पसरते आणि झटकता येते. हेतू निराळा, गणित निराळे, तरी शेते निवडताना सुखात्मे यांनी धरलेली वाट ती हीच. २०१२ साली बोस्टनच्या रझा नेझाफत यांच्या मंडळीतील मेहमेत अकचाकाया यांनी या रीतीने हृदयातल्या वणाच्या सर्व बाजूंनी सारख्या बारकाव्याच्या प्रतिमा घेऊन दाखवल्या. पण प्रतिमा उलगडण्याचे गणित इतके लांबलचक होते की रुग्ण घरी पोचला तरी संगणक कुंथतच असे.

डीप लर्निंगने बदलले ते इथे. प्रतिमेचे सार कोणत्या स्वरूपात थोडके असते हे गणितज्ञाने सांगण्याऐवजी, पूर्ण मोजलेल्या हजारो प्रतिमा यंत्रापुढे ठेवून त्यालाच ते शिकू द्यावयाचे, असा हा विचार. २०१८ च्या आगेमागे तो एकदम फळाला आला: ग्रात्स येथे हॅमर्निक, लंडनला श्लेम्पर, बोस्टनला बो झू अशा अनेकांनी निरनिराळ्या घडणीची न्यूरल नेटवर्के, म्हणजे अशा रीतीने शिकणारी संगणकी जाळी, बांधली, आणि न्यूयॉर्क विद्यापीठाने फेसबुकच्या साहाय्याने मोजणीच्या मूळ नोंदींचा मोठा साठा सर्वांना खुला केला. २०२० साली नेझाफत यांच्याच प्रयोगशाळेतून एल-रेवैदी यांनी खास वणाच्या त्रिमितीय प्रतिमांसाठी असे नेटवर्क प्रसिद्ध केले. शिकण्याचे कष्ट एकदाच. एकदा शिकले की प्रतिमा उलगडण्याचे काम क्षणांचे. यांतील चांगल्या रचनांत एक कलम असते जे मला फार महत्त्वाचे वाटते: ज्या ओळी प्रत्यक्ष मोजल्या आहेत त्यांना नेटवर्कने धक्का लावावयाचा नाही, त्याने आपली कल्पना गाळलेल्या जागीच चालवावी, आणि दर पायरीला मोजलेल्या नोंदी जशाच्या तशा परत बसवाव्यात. पंचनाम्यातील मजकूर कायम, अंदाज फक्त कोऱ्या रकान्यांत. हे कलम जिथे सैल झाले तिथे प्रिंगलसाहेबाचे कारकून पुन्हा कामावर रुजू झाले असे समजावे.

वणाच्या बाबतीत मात्र एक विलक्षण पेच पडला. शिकवावयाचे तर पूर्ण मोजलेली प्रतिमा हवी. पण गॅडोलिनियम धुऊन जाण्याच्या आत, रुग्णाच्या दमात, सूक्ष्म बारकाव्याची पूर्ण मोजणी होतच नाही. ज्या गुरूकडून शिकावयाचे तो गुरूच अस्तित्वात नाही! यावर मिनेसोटात अकचाकाया आणि त्यांचे सहकारी यामन यांनी २०२० साली काढलेली तोड मोठी चतुर आहे. मोजलेल्या ओळींचेच दोन भाग करावयाचे. एक नेटवर्काला द्यावयाचा, दुसरा लपवून ठेवावयाचा, पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज करावयास लावावयाचे, आणि मग लपवलेला आकडा पुढे करून चूक पदरात घालावयाची. तलाठ्याला दहा शेतांपैकी सहांचे माप दाखवून उरलेल्या चारांबद्दल वदवून घ्यावे, आणि मग ती चार कापून त्याच्यासमोर तोलावीत, तसे. अशा कसोटीला उतरलेला अंदाज केवळ अनुभवाच्या जोरावर केलेल्या अंदाजाहून अधिक विश्वासाचा, यात शंका नाही.

तरीही सरासरीकडे झुकणारी नजर यंत्रालाही आहे, किंबहुना अधिक आहे, कारण सरासरी चूक कमी करणे हेच त्याला शिकवलेले असते. निरोगी भिंतीचे हजारो बिंदू बरोबर आले की गुण भरपूर मिळतात. भिंतीच्या आतल्या कडेला असलेला दोन मिलिमीटरचा वण पुसला गेला तर त्या गुणांत जाणवण्याजोगी घट होत नाही. म्हणजे जे एक बुडालेले शेत शोधण्यासाठी हा सारा खटाटोप, तेच आसपासच्या हिरव्या शेतांच्या हिशेबात बुडून जाण्याचा संभव. २०२० साली अँटुन, हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नेटवर्कांची जी झडती घेतली तीत त्यांना आढळले की मूळ नोंदींत अत्यल्प बदल केला तरी काहींची प्रतिमा बिघडते, लहानसा नवा आकार प्रतिमेत उतरेलच असे नाही, आणि सर्वांत आश्चर्याचे म्हणजे शिकवले त्याहून जास्त ओळी मोजून दिल्या तर काहींचे काम सुधारण्याऐवजी ढासळते. अधिक साक्षीदार आणले म्हणून गोंधळणारा न्यायाधीश! झडती सर्वच रचनांना लागू नव्हती आणि तिच्यावर पुढे वादही झाले. पण संशोधकांनी आपण होऊन इतकी कडक झडती घेणे हे या शास्त्राच्या निरोगीपणाचे लक्षण मी मानतो. आमच्या आणेवारीला ते भाग्य सत्याग्रह झाल्यावाचून लाभले नव्हते.

आणखी एक काळजी आपल्या मुलखाची आहे. वण केवळ झटक्यानेच पडतो असे नाही. भिंत जन्मजात दोषाने जाड होत जाणाऱ्या विकारात तो भिंतीच्या मध्यावर विखुरलेला पडतो, आणि त्याचे प्रमाण डाव्या कप्प्याच्या स्नायूच्या पंधरा टक्क्यांवर गेले की अकस्मात मृत्यूचा धोका वाढतो असे २०१४ साली दिसून आले आहे. हृदयस्नायूच्या विकारांशी संबंधित असा एक जनुकीय दोष दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत असल्याचे २००९ साली भारतीय संशोधकांनी दाखवले. क्षयरोगही आपल्याकडे कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो. ज्या नेटवर्काने बोस्टनची हृदयेच पाहिली आहेत त्याने सोलापूरच्या हृदयातील न पाहिलेली खूण काय समजून भरावी? कोकणातल्या भातखाचरांवर नजर बसलेल्या तलाठ्याची बदली मंगळवेढ्यास झाली, तर पहिल्या हंगामाची त्याची आणेवारी मामलेदार जरा जपूनच वाचील.

२०२१ साली ऑक्सफर्डच्या च्यांग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर गॅडोलिनियम न टोचताच, हृदयाच्या इतर साध्या प्रतिमांवरून, टोचल्यावर दिसली असती तशी वणाची प्रतिमा नेटवर्काकडून काढून घेतली. ही बांधावरूनच केलेली आणेवारी आहे, आणि माझ्यातला जुना माणूस तिच्याकडे साशंकतेने पाहतो. पण ज्यांची मूत्रपिंडे पार निकामी झाली आहेत अशांना गॅडोलिनियमच्या काही संयुगांनी त्वचा व सांधे आखडवणारा भयंकर विकार होऊ शकतो, हे २००६ साली उघड झाले आहे. अशा रुग्णाला शेतात शिरण्याची वाटच बंद असेल तर बांधावरून पाहणे हे काहीच न पाहण्यापेक्षा बरे, हेही मान्य केले पाहिजे.

पैसेवारीच्या आजच्या रिवाजात आकडा एकदम कायम होत नाही. आधी नजर अंदाज, मग सुधारित, आणि अखेरीस अंतिम, अशा पायऱ्यांनी तो जातो, आणि मध्ये गावाला हरकत घेण्यास अवसर असतो. वणाच्या वाचनातही जाणत्या डॉक्टरांचा असाच एक जुना दंडक आहे, आणि तो डीप लर्निंग येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. एका छेदात संशयास्पद पांढरे काही दिसले तर त्यावर लगेच शेरा मारावयाचा नाही. ओळी भरण्याची दिशा बदलून तोच छेद पुन्हा घ्यावयाचा, किंवा त्याला काटकोनात दुसरा छेद घ्यावयाचा. खरा वण दोन्हींत जागच्या जागी राहतो; गणिताने घडवलेला असेल तर सरकतो किंवा नाहीसा होतो. यंत्राने वाचवलेल्या मिनिटांतली निदान दोन मिनिटे या फेरतपासणीसाठी राखून ठेवावीत, आणि मोजलेल्या मूळ ओळींची वही प्रतिमेबरोबरच दप्तरात जपून ठेवावी, म्हणजे उद्या अधिक जाणते नेटवर्क आले तर त्याच नोंदी त्याच्यापुढे ठेवता येतील. रुग्णाला त्यासाठी पुन्हा पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरावी लागणार नाही.